पाचवीचा पट

१

वेलखारच्या शाळेतून पाचवीचा हजेरीपट नाहीसा झाला, तो नेमका मी तपासणीला गेलो त्या सकाळी.

पेटीत सहा पट असायला हवे होते. हेडमास्तर रघुपंत लेले यांनी एकेक काढून टेबलावर मांडला. पहिली, दुसरी, तिसरी, चौथी, सहावी. मग त्यांनी पेटीचा तळ हाताने चाचपला, झाकणामागे पाहिलं, आणि पुन्हा तळ चाचपला.

"रावसाहेब, पाचवीचा नाही."

"नाही म्हणजे?"

"पहाटे होता. मी स्वतः सहाही मोजून आत ठेवले."

मी ठाण्याच्या शाळाखात्यातला असिस्टंट डेप्युटी. खेड्यात आम्हाला दिपोटी म्हणतात, आणि दिपोटी येणार म्हटलं की मास्तरांना ताप भरतो. चोवीस वर्षांच्या नोकरीत पट हरवण्याच्या नाना तऱ्हा मी ऐकल्या आहेत. उंदरांनी कुरतडला, गळतीत भिजला, धाकट्याने होड्या केल्या. एकदा तर गाईने खाल्ला म्हणून ती गाय मला दाखवायला आणली होती. एरवी मी मास्तरांना फाडून खाल्लं असतं, माझा राग जिल्ह्यात ठाऊक आहे. पण त्या दिवशी मला राग आला नाही. पौषात माझी धाकटी मुलगी शकू गाठीच्या तापाने, प्लेगने गेली. आठ वर्षांची होती. तीन दिवसांचं सुतक संपलं आणि चौथ्या दिवशी मी कचेरीत जाऊन बसलो. लोक म्हणाले, काय धीराचा माणूस. धीर कसला डोंबलाचा. मला काही वाटतच नव्हतं, आणि वाटत नाही याची तेवढी लाज वाटत होती.

माझ्या खिशात एक निनावी पत्र होतं. "वेलखारच्या पाचवीच्या पटावर एकतीस नावे आहेत. वर्गात वीस मुले बसतात. येऊन पाहावे." खाली कुणीतरी एकतिसातून वीस वजा करून अकरा मांडले होते आणि अकराखाली दोन रेघा मारल्या होत्या.

खात्याचा हुकूम साधा होता. वरच्या इयत्तेची वर्षाची सरासरी हजेरी चोवीसच्या खाली गेली की ग्रँट बंद, आणि ग्रँट बंद म्हणजे इयत्ता बंद. पाचवी गेली तर वेलखारच्या मुलांनी पुढे शिकायला अडीच कोस चालत कल्याण गाठायचं. कुणी गाठत नाही. बापाबरोबर मिठागरात उतरतात.

"पट नाही तर वर्ग नाही, रघुपंत," मी म्हणालो. "पाच वाजता डोंबिवलीहून माझी गाडी आहे. तोवर पट समोर आला नाही, तर मला पाचवीपुढे शून्य मांडावं लागेल."

रघुपंतांनी पेटीचं झाकण हळूच लावलं.

२

शाळा म्हणजे कौलारू घर, पुढे ओटा, एकच दार. आत चटयांच्या पडद्यांनी वर्ग पाडलेले. पाचवीची जागा मी मोजली, दहा हात लांब, सात हात रुंद. एकतीस मुलं बसली तर गुडघ्याला गुडघा लागेल, वीस बसली तर ऐसपैस. माझ्या तक्त्यात जातींचा रकाना असतो, तोही भरला. पाचवीत आगरी बहुतेक, दोन कोळी, एक मुसलमान, आणि ओट्यावर वेगळी बसवलेली दोन महारांची मुलं. पटावर ती आत होती आणि शाळेत बाहेर. मी ते लिहून घेतलं.

पेटी होती थेट मागच्या भिंतीला. तिला नुसती कडी. म्हणजे पट कुणालाही काढता आला असता, पेटीपर्यंत पोचता आलं तर.

अडचण तिथेच होती. मी आलो तेव्हा जमीन ओली होती. दिपोटी येणार म्हणून आवडाबाईने पहाटे सगळी शाळा शेणाने सारवली होती. आवडाबाई म्हणजे शाळेची झाडलोट करणारी आगरी विधवा. जमीन वाळेपर्यंत मी अर्धा तास ओट्यावर ताटकळलो होतो. रघुपंत पहाटे पट मोजून बाहेर आले ते ओट्यावरच बसून होते. त्यांच्यानंतर आत कुणी गेलं नाही, असं ते शपथेवर सांगत होते. आणि मी दारातून पाहिलं तेव्हा भिंतीपासून उंबऱ्यापर्यंत सारवण सारखं होतं. एकाही पावलाचा ठसा नव्हता.

वाट पाहताना करायला काही नव्हतं म्हणून मी भिंत बघत बसलो होतो. आवडाबाईने दाराशेजारी गेरूवर तांदळाच्या पिठाने नक्षी काढली होती. ठिपके, कमळं, मासोळ्या, आणि मधोमध 'गण' अशी दोन अक्षरं, 'ण'च्या पायाशी शेपूट. गणपतीचं नाव लिहिता लिहिता पीठ ओघळलं असेल, असं मला वाटलं. आणि मी ते विसरलो.

आता ओट्यावर तिघं उभे होते. दुय्यम मास्तर धोंडीबा, शाळा कमिटीचे काळुराम पाटील, आणि कोपऱ्यात काखेला बोचकं मारून आवडाबाई. मी पाटलांना आधी बोलावलं, कारण पाचवी बंद पडण्यात उघड फायदा होता तो त्यांचा. गावची अर्धी मिठागरं त्यांची होती.

३

"खोटा कशाला बोलू, साहेब," काळुराम पाटील म्हणाले. साठीचा माणूस, मिठाने पावलं फाटलेली. "मिठाचे दिवस हाएत. मना हात कमी परतात. पाचवी बंद झाली तं दहा हात मिलतील."

"मग पट तुम्ही काढलात?"

"मी वसरीवरून आत पाय ठेवला नाय. जमीन ओली व्हती. आवडीने मना हाकलला, म्हने पाटील असशील तं तुझे घरी."

एवढं बोलून त्यांनी आत पाचवीच्या जागेकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. तो माणूस दहा मजूर मिळणार म्हणून खूश झालेला दिसत नव्हता.

धोंडीबा मास्तर जुन्नरकडचे, पुण्याला ट्रेनिंग झालेले, वय पंचविशीतलं. त्यांना मी फीचं पुस्तक मागितलं. ते त्यांच्याच हातचं होतं. पानं चाळली. प्रत्येक बेरजेखाली दोन रेघा होत्या.

मी खिशातलं पत्र काढून पुस्तकाशेजारी ठेवलं.

धोंडीबांचा चेहरा उतरला. "ट्रेनिंगात तशी सवय लावतात, साहेब."

"वेगळ्या हाताने पत्र लिहिलंत आणि वजाबाकी आपल्या हाताने केलीत. हेडमास्तरांची जागा हवी होती?"

"नाही, साहेब. मी पट कशाला घेऊ? तो तुम्ही बघावा म्हणून तर लिहिलं." त्यांनी फीचं पुस्तक मिटलं. "मला ती हजेरी ऐकवत नाही. पडदा चटईचा आहे, पलीकडचं सगळं ऐकू येतं. कार्तिकापासून गावात तापाने पोरं मेली, त्यांतली अकरा पाचवीची. रघुपंत रोज त्यांची नावं घेतात."

"घेऊ देत. नावं घेतल्याने काय होतं?"

"उत्तर येतं, साहेब," धोंडीबा म्हणाले. "अकराही जणांचं."

४

मी पाचवी बसवली आणि रघुपंतांना म्हणालो, "हजेरी घ्या."

"पट नाही, रावसाहेब."

"तुम्हाला तोंडपाठ आहे."

त्यांनी नाकारलं नाही. हात मागे बांधून, डोळे जमिनीवर लावून ते नावं घेऊ लागले. मी मुलांकडे बघत होतो. पाच नावं झाली, पाच मुलांनी 'हजर' म्हटलं. सहावं नाव आलं, पोपट. दुसऱ्या ओळीतून 'हजर' आलं. तिथे रिकामं तरट होतं. शेजारच्या मुलाने मान खाली घालून उत्तर दिलं होतं. सातवं नाव गणू. पुन्हा रिकाम्या तरटाशेजारून 'हजर'. मुलं घाबरली नव्हती, हसतही नव्हती. रोजचं काम करावं तशी ती उत्तरं देत होती. एकतीस नावं झाली, एकतीस उत्तरं आली, आणि समोर वीस मुलं होती.

मी पेन्सिल खाली ठेवली. मला काही वाटलं नाही.

मुलांना सोडल्यावर रघुपंत म्हणाले, "खात्याचा नियम आपल्याला ठाऊकच आहे. सलग एक महिना गैरहजर, की नाव पटावरून कमी. पहिला मुलगा गेला तेव्हा मी महिना संपायची वाट पाहत होतो. त्याची आई आली. म्हणाली, मास्तर, नाव काढू नका. मग दुसरी आली, मग तिसरी. कुणाला ग्रँट म्हणजे काय ते माहीत नाही. त्यांना एवढंच कळत होतं, की पोर घरात नाही, शेतात नाही, पण शाळेच्या चोपडीत अजून आहे."

"म्हणून तुम्ही हजेरी मांडलीत."

"नाव ठेवायचं तर गैरहजर लिहून चालत नाही. महिना भरतो. म्हणून 'ह' मांडत गेलो. पोरांना मी काही शिकवलं नाही, रावसाहेब. त्यांची ती आपणच उत्तरं देऊ लागली."

"यात वर्गही टिकत होता."

"होता," ते म्हणाले. "तेही मनात होतं. खोटं कशाला सांगू."

मी म्हणालो, "पट तुम्ही लपवला नाहीत, हे मला कळतं. पट नसला तर पाचवीपुढे शून्यच येतं. खोट्या पटावर निदान वर्ग तरी टिकला असता. धोंडीबांना तो मला दाखवायचा होता. पाटील आत आले नाहीत."

"मग उरलं कोण?"

मी दाराशेजारच्या भिंतीकडे बोट केलं.

५

काखेत कळसा आणि गावाला वळसा, तशी माझी गत झाली होती. चोवीस वर्षं तपासण्या करतो आहे, पण जमीन सारवणाऱ्या बाईकडे मी कधी माणूस म्हणून पाहिलं नव्हतं.

सारवायला कुणी दारापासून घेत नाही. मागच्या भिंतीपासून घेतात आणि उलट सरकत दाराशी येतात, म्हणजे आपलाच पाय ओल्यात पडत नाही. पेटी मागच्या भिंतीला. ठसा नव्हता, म्हणजे सारवण्याआधी किंवा सारवतानाच पट निघाला. रघुपंतांनंतर आत होती ती एकच व्यक्ती. इतकं सोपं होतं. मला अडवत होती ती दुसरीच गोष्ट.

मी आवडाबाईला जवळ बोलावलं. "बाई, तुम्हाला वाचता येतं?"

"नाय, साहेब. मना अक्षर येत नाय."

सहाही पट एकाच लाल खारव्याच्या कापडात बांधलेले. वरून ओळखायची खूण नाही, इयत्तेचं नाव आत पहिल्या पानावर. निरक्षर बाईने सहांतून नेमका पाचवीचा कसा उचलला?

"तुमच्या मुलाचं नाव काय होतं?"

"गनू."

"पुन्हा सांगा."

"गनू," ती म्हणाली.

"रघुपंत, ती भिंत वाचा. मी तिथे गणपती वाचला होता. ते शेपूट पिठाचा ओघळ नाही, उकार आहे. तिथे गणू लिहिलं आहे. आणि या बाईंच्या बोलण्यात 'ण' नाही. कानाने ऐकून लिहिलं असतं तर 'गनू' लिहिलं असतं. 'ण' तिने डोळ्यांनी उचलला आहे. आणि हे नाव या शाळेत एकाच जागी लिहिलेलं आहे, पाचवीच्या पटात."

आवडाबाईने नाकारलं नाही. काखेतलं बोचकं सोडलं, वरचं लुगड्याचं धडपं बाजूला केलं, आणि पट माझ्यापुढे ठेवला. सकाळपासून ती तो काखेत घेऊन माझ्यासमोर उभी होती.

"रोज झारताना बघते," ती म्हणाली. "पेटी उघरायची, चोपरी उघरायची. वरून सातवी ओल. तो माझा गनू. आवंदा तुमी येनार म्हून भितीवर काढला, तुमाला दिसल असा. काल मास्तर धोंडीबा मास्तरला बोलले, उद्या दिपोटी अकरा नावां काढनार. मना वाटला, चोपरीच नसली तं काढतील कशी?"

पटात सातव्या ओळीच्या डाव्या बाजूला कागद काळवंडला होता. बोट ठेवून ठेवून झाला होता तो.

"साहेब," ती म्हणाली, "माझे पोऱ्याचा नाव काढू नका."

दोन वाजले होते. पट मिळाला होता, आणि तो उघडल्याबरोबर मला पाचवी बंद करावी लागणार होती.

६

मी पट घेऊन बसलो. खोटे 'ह' कुठून सुरू झाले ते कळल्याशिवाय खरी सरासरी निघणार नव्हती. आणि ते मास्तरांना नीट सांगता येईना. तापाच्या दिवसांत शाळा वडाखाली भरत होती, कोण कधी गेलं याची नोंद नव्हती.

मग मला सुचलं, की ही गोष्ट कधीच न विसरणारे लोक गावात आहेत.

"पाटील," मी म्हणालो, "अकरा घरांतून एकेक माणूस बोलवा. मला तिथी हव्यात."

पाटील उठले नाहीत. "एक आताच घ्या," ते म्हणाले. "पोपट माझा नातू. कार्तिक वद्य नवमी, सांजचा."

ओट्यावर बाया येऊन बसल्या. ठमाबाई, बायजा, शेवंती, आणखी कितीजणी. कुणी रडलं नाही. एकेक पुढे येऊन तिथी सांगत होती, रघुपंत पंचांगातून इंग्रजी तारीख काढत होते, धोंडीबा त्या तारखेपुढचे 'ह' तांबड्या शाईने कापत होते आणि आधीचे मोजत होते. मरणाआधीची हजेरी खरी होती. ती कापायचा मला अधिकार नव्हता. रघुपंतांनी मेलेल्या मुलांच्या नावावर चार-पाच महिने खोटं लिहिलं, पण त्याआधीचे सात-आठ महिने ती मुलं खरोखर तरटावर बसली होती. हा हिशेब करायला एकेकाच्या मरणाची तारीख पटात घालावी लागली असती, आणि तेवढी छाती त्यांना झाली नव्हती.

वर्षात शाळा भरली दोनशे चाळीस दिवस. चोवीसच्या सरासरीला हव्या होत्या पाच हजार सातशे साठ हजेऱ्या. जिवंत वीस आणि मेलेले दहा धरून भरल्या पाच हजार पाचशे नव्वद. एकशे सत्तर कमी पडत होत्या, आणि एकच मुलगा उरला होता.

"बाई, गणू कधी गेला?"

"चंपाषष्ठीला," आवडाबाई म्हणाली. "वांग्याचा भरीत केलता. तो खाल्ला नाय."

धोंडीबांनी सातवी ओळ धरली आणि एप्रिलपासून बोट सरकवत नेलं. एकही खाडा नव्हता. पावसातला नाही, नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवसाचाही नाही. "एकशे एकाहत्तर," ते म्हणाले.

मी मोजले. रघुपंतांनी मोजले. एकूण पाच हजार सातशे एकसष्ट. धोंडीबांनी आकड्याखाली दोन रेघा मारल्या.

वर्ग एका हजेरीने वाचला होता.

मी गणूच्या नावापुढे तारीख घातली. शेऱ्याच्या पुस्तकात लिहिलं, खोट्या हजेऱ्या आढळल्या, त्या कापल्या, हेडमास्तरांना सक्त ताकीद. रघुपंतांनी खाली सही केली.

आवडाबाई पटाकडे बघत होती. "काढलात नाव?"

"नाही. नाव तसंच आहे, बघा, सातवी ओळ. पुढे फक्त तारीख आहे. आता ते कुणालाच काढता येणार नाही." मग मी म्हणालो, "नाव गणूने काढलं, बाई. त्याच्या एकट्यामुळे पाचवी राहिली."

तिला ते कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा तिने पदर तोंडाला लावला. पाटील बाजूला होऊन भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मी गाडी गाठायला निघालो.

७

तपासणीच्या माझ्या यादीत ठाण्याची एक मुलींची शाळा पौषापासून राहिली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिथे गेलो.

मुख्य शिक्षिका विमलाबाई लगबगीने उठल्या. मी बसलो नाही. दुसरीचा पट मागितला.

शकूचं नाव चौथ्या ओळीत होतं. पुढे पौषापासून कालपर्यंत रोज 'ह' होता.

"मुली म्हणाल्या, बाई, तिचं नाव काढू नका," विमलाबाई म्हणाल्या. "आणि आपणही कधी काही कळवलं नाहीत. आपल्याला कसं विचारणार?"

खरं होतं. मी कुणालाच काही कळवलं नव्हतं. मी नुसता कचेरीत जाऊन बसलो होतो.

मी तांबडी शाई मागितली आणि खोटे 'ह' एकेक करून कापले. खूप होते. मग काळी शाई घेऊन नावापुढे तारीख घातली, पौष वद्य पंचमीची. ती मला पंचांगात बघावी लागली नाही. तारखेवर एक थेंब पडला आणि शाई फुटली. पाठोपाठ आणखी पडले, मला ते थांबवता येईनात. पान पार भिजलं.

"पुढे कुणी विचारलं," मी विमलाबाईंना म्हणालो, "तर गळतीत भिजला म्हणून सांगा."